तेरा राज्यं, एक कर्ज: अमेरिका एक देश कशी झाली

अमेरिकेच्या केंद्र सरकारवरचं कर्ज २०२५ मध्ये ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. ‘कर्जमर्यादा’ वाढवायची की नाही यावरून तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, दर काही वर्षांनी जुंपते आणि त्याचे पडसाद आपल्या शेअर बाजारापर्यंत येतात. तरीही जगभरच्या बँका, पेन्शन फंड आणि आपली रिझर्व्ह बँकसुद्धा अमेरिकी सरकारचे कर्जरोखे घेऊन ठेवतात. कर्जरोखा म्हणजे सरकारनं दिलेलं लेखी वचन: आज एवढे पैसे द्या, ठरलेलं व्याज देत राहू आणि मुद्दलही परत करू. इतकं कर्ज असलेल्या सरकारच्या वचनावर जग विश्वास का ठेवतं?

या विश्वासाचा पाया १७९० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये घातला गेला. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षं होतात आणि त्या दिवशी ‘अमेरिका’ नावाचा देश जन्मला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या दिवशी तेरा वेगवेगळी राज्यं ब्रिटनपासून सुटली. त्यांचा एक देश झाला तो युद्धाचं कर्ज कोणी, कसं आणि कोणाच्या पैशातून फेडायचं हे ठरलं तेव्हा.

## लढाई उधारीवर

१७७५ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींची ‘काँटिनेंटल काँग्रेस’ फिलाडेल्फियात बसत होती. सैन्य उभारण्याचा निर्णय तिनं घेतला, पण कर बसवायचा अधिकार तिच्याकडे नव्हता. लंडनच्या संसदेनं लादलेल्या करांविरुद्ध ज्यांनी हत्यार उचललं होतं, ते दुसऱ्या कुठल्या दूरच्या सभेला तो अधिकार सहजी देणार नव्हते. मग खर्च भागवायला मार्ग चारच उरले.

पहिला, नोटा छापणं. जून १७७५ मध्ये २० लाख डॉलरच्या नोटा निघाल्या आणि १७७९ संपेपर्यंत छपाई २० कोटींच्या घरात गेली. त्यांच्यामागे ना पुरेशी चांदी होती ना कराचं उत्पन्न. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनंच जाहीर केलं की ४० कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक डॉलर. दुसरा मार्ग परदेशी कर्जाचा: मुख्यतः फ्रान्स, थोडं स्पेन आणि १७८२ पासून ॲमस्टरडॅमचे सावकार. तिसरा, देशातल्याच पैसेवाल्यांना ६ टक्के व्याजाची प्रमाणपत्रं विकणं. चौथा मार्ग सगळ्यांत कडू होता: सैनिकाला पगाराऐवजी आणि शेतकऱ्याला धान्य-गुरांच्या मोबदल्यात ‘पुढे देऊ’ असं लिहिलेला कागद द्यायचा.

याशिवाय प्रत्येक राज्यानं स्वतःच्या नावावर वेगळी कर्जं काढली. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना यांच्यावर ती सर्वाधिक होती.

ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर-जनरल म्हणून भारतात आला आणि मराठे व निजाम यांना सोबत घेऊन १७९२ मध्ये त्यानं टिपूला श्रीरंगपट्टणच्या तहावर सही करायला लावली.) युद्ध जिंकलं, पण हिशेब तसाच उरला.

## मागता येतं, वसूल करता येत नाही

१ मार्च १७८१ ला तेरा राज्यांचा पहिला लेखी करार लागू झाला, ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’. तो कसा चालत होता हे समजायला तेरा सभासदांची एक हाउसिंग सोसायटी डोळ्यांपुढे आणा. सेक्रेटरी मेंटेनन्सचं बिल पाठवतो, पण थकबाकी वसूल करण्याचं कलमच उपविधीत नाही. मोठ्या निर्णयाला नऊ मतं लागतात आणि उपविधी बदलायचे तर तेराच्या तेरा सभासदांची संमती हवी. वॉचमनचा पगार मात्र सोसायटीच्या नावावर चढत राहतो.

अगदी हेच घडलं. १७८२ च्या खर्चासाठी काँग्रेसनं राज्यांकडे ८० लाख डॉलर मागितले. जानेवारी १७८४ पर्यंत त्यातले १५ लाखही जमा झाले नव्हते. राज्यं दुष्ट होती म्हणून असं झालं असं मला वाटत नाही. आपण भरलं आणि शेजाऱ्यानं भरलं नाही, तर आपण मूर्ख ठरतो. म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट पाहत थांबला. नियमच तसे होते.

दोनदा सुधारणेचा प्रयत्न झाला. परदेशी मालावर ५ टक्के आयात शुल्क बसवून ते थेट काँग्रेसला मिळावं असा १७८१ चा प्रस्ताव होता. बारा राज्यं अनुकूल होती, पण १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि तो पडला. १७८३ चा दुसरा प्रस्ताव १७८६ मध्ये न्यूयॉर्कमुळे अडला. त्या बंदरात शेजारच्या न्यू जर्सी आणि कनेक्टिकटचा माल उतरत असे आणि त्यावरचं शुल्क न्यूयॉर्कच्या तिजोरीत जमा होई. ते उत्पन्न त्यांनी का सोडावं?

दरम्यान लष्कराचा पगार थकला होता. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी काँग्रेसला धमकावण्याच्या बेतात होते. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टननं स्वतः जाऊन त्यांना आवरलं. जूनमध्ये फिलाडेल्फियात पगारासाठी सैनिकांनी काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्सटनला निघून जावं लागलं. १७८५ पासून फ्रान्सच्या कर्जाचं व्याज देणंही थांबलं.

## राज्यांनी आपापलं फेडलं असतं तर?

हा पर्याय एका राज्यानं मनापासून करून पाहिला आणि त्याचा परिणाम भयंकर झाला. मॅसॅच्युसेट्सनं युद्धकर्ज झपाट्यानं फेडायचं ठरवून जबर कर बसवले. कर नाण्यांत भरायचा होता, पण पश्चिमेकडच्या खेड्यांत नाणं दिसतच नव्हतं. शेतकऱ्याकडे जमीन होती, गुरं होती, रोकड नव्हती. करासाठी आणि खासगी सावकारीसाठी जप्त्या सुरू झाल्या. यातले बरेच जण युद्धात लढलेले होते. मिळालेली पगाराची प्रमाणपत्रं त्यांनी पोटासाठी कवडीमोलानं विकली होती आणि आता तीच प्रमाणपत्रं विकत घेणाऱ्यांना व्याज मिळावं म्हणून त्यांच्याकडून कर मागितला जात होता.

२९ ऑगस्ट १७८६ ला शेतकऱ्यांनी नॉर्थॅम्प्टनचं न्यायालय बंद पाडलं, कारण न्यायालय बसलंच नाही तर जप्तीचा हुकूम निघत नाही. माजी कॅप्टन डॅनियल शेज याच्या नावानं हे बंड ओळखलं जातं. २५ जानेवारी १७८७ ला बंडखोर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफांच्या माऱ्यात चार जण मेले. बंड मोडायला काँग्रेसकडे पैसे नव्हते, म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून फौज उभारावी लागली.

श्रीमंतांच्या वर्गणीवर फौज चालणार असेल तर सरकार नेमकं कोणाचं, हा प्रश्न आता टाळता येणार नव्हता.

## घटनेतली पैशाची कलमं

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी बसले. ऱ्होड आयलंडनं कोणालाच पाठवलं नाही. आजची अमेरिकी घटना तिथे लिहिली गेली आणि ३९ जणांनी तिच्यावर सही केली. दोन सभागृहं, राष्ट्राध्यक्ष, सर्वोच्च न्यायालय यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. पैशाबद्दलच्या वाक्यांकडे मात्र कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते देश बांधला तो त्यांनीच.

पहिल्या कलमाच्या आठव्या विभागानं काँग्रेसला थेट कर आणि आयात शुल्क बसवण्याचा, तसंच देशाच्या पतीवर, म्हणजे फेडीच्या भरवशावर, कर्ज काढण्याचा अधिकार दिला. आता राज्याकडे विनंती करायची गरज उरली नाही. केंद्राचा अधिकारी थेट बंदरात बसणार होता. दहाव्या विभागानं राज्यांना कागदी चलन काढायला आणि काँग्रेसच्या संमतीशिवाय आयात शुल्क घ्यायला मनाई केली. सहाव्या कलमानं आधीच्या काँग्रेसचं सगळं कर्ज नव्या सरकारवर बंधनकारक ठरवलं. आणि मंजुरीसाठी तेराऐवजी नऊ राज्यं पुरेशी धरली. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर नववं ठरलं. ऱ्होड आयलंड मे १७९० पर्यंत अडून बसलं आणि आलं तेही ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

याच घटनेत गुलामांची मोजणी तीन-पंचमांश धरण्याचं लाजिरवाणं कलम आहे. तो अपूर्णांक १७८३ मध्ये पुढे आला होता तो राज्यांमध्ये कराचा वाटा ठरवण्यासाठी. कर मोजताना दक्षिणेला गुलाम कमी मोजायचे होते आणि १७८७ मध्ये प्रतिनिधी वाटताना जास्त. माणसं मोजली गेली, पण त्या माणसांना ना मत होतं ना हक्क.

## हॅमिल्टनचा हिशेब

सप्टेंबर १७८९ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन पहिला अर्थमंत्री झाला. जानेवारी १७९० मध्ये त्यानं काँग्रेसपुढे सार्वजनिक पतीवरचा अहवाल ठेवला. आकडे असे: परदेशी कर्ज सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर, देशांतर्गत कर्ज थकीत व्याजासह सव्वाचार कोटींच्या आसपास, आणि राज्यांची कर्जं अंदाजे अडीच कोटी. एकूण जवळपास ८ कोटी.

जुन्या दरानं यावर वर्षाला सुमारे ४६ लाख डॉलर व्याज निघत होतं. आणि नव्या सरकारचं मार्च १७८९ पासून १७९१ च्या अखेरपर्यंतचं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षांचं एकूण उत्पन्न होतं ४४ लाख. पूर्ण व्याज देणं अशक्य होतं आणि दिवाळखोरी जाहीर केली तर पुढे कोणी एक डॉलरही दिला नसता. हॅमिल्टननं मधला रस्ता काढला: मुद्दल कमी करायचं नाही, पण व्याजाचं ओझं पुढे ढकलायचं आणि हलकं करायचं.

४ ऑगस्ट १७९० च्या कायद्यानं तो कसा अमलात आला ते एका उदाहरणानं पाहू. समजा तुमच्याकडे केंद्राचं ९०० डॉलरचं जुनं प्रमाणपत्र आहे आणि त्यावर ३०० डॉलर व्याज थकलंय. ते तुम्ही राज्यातल्या कर्ज-कचेरीत जमा केलंत की तीन नवे रोखे मिळणार:

६०० डॉलरचा रोखा, ६ टक्के व्याज लगेच सुरू: वर्षाला ३६ डॉलर.
३०० डॉलरचा रोखा, ६ टक्केच, पण व्याज १८०१ पासून: तोवर शून्य, नंतर १८ डॉलर.
थकलेल्या व्याजापोटी ३०० डॉलरचा रोखा, ३ टक्के: वर्षाला ९ डॉलर.

म्हणजे पहिली दहा वर्षं १२०० डॉलरवर ४५ डॉलर, पावणेचार टक्के. १८०१ नंतर ६३ डॉलर, सव्वापाच टक्के. सरकारला श्वास घ्यायला वेळ मिळाला आणि धनकोलाही तोटा मानवला, कारण व्याज दर तिमाहीला रोख मिळणार होतं आणि रोखा दुसऱ्याच्या नावावर करता येत होता. ६ टक्क्यांच्या रोख्यावर सरकार एका वर्षात मुद्दल आणि व्याज मिळून शेकडा ८ डॉलरपेक्षा जास्त परत करू शकणार नाही, अशीही अट होती. उद्या बाजारातले व्याजदर पडले तर सरकारनं झटकन कर्ज फेडून धनकोचं चांगलं उत्पन्न बंद करू नये, हा तिचा हेतू.

परदेशी कर्जात मात्र एक सेंटही कापला नाही. ते फेडायला १ कोटी २० लाखांपर्यंत नवं कर्ज काढायची मुभा घेतली. जुन्या काँटिनेंटल नोटा १०० ला १ या भावानं स्वीकारल्या. यात नोटा धरून बसलेला सामान्य माणूस बुडाला, हे खरं.

## ज्या सैनिकानं कागद विकला, त्याचं काय?

हा आक्षेप सगळ्यांत धारदार होता आणि तो व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यानं घेतला. दोनच वर्षांपूर्वी हॅमिल्टनच्या बरोबरीनं घटनेच्या बाजूनं लिहिणारा हाच मॅडिसन. सैनिकानं १०० डॉलरचा कागद २०-२५ डॉलरला विकला. आता त्याची पूर्ण किंमत सट्टेबाजाला द्यायची? अहवालाची कुणकुण लागताच श्रीमंत लोकांनी खेड्यापाड्यांत माणसं धाडली होती. बातमी पोचण्याआधी प्रमाणपत्रं गोळा करायला पंधरवड्यात तीन जहाजं दक्षिणेकडे निघाली, असं जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सननं सभागृहात संतापून सांगितलं. मॅडिसनचा प्रस्ताव होता: आजच्या धारकाला बाजारातला सर्वोच्च भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ धारकाला.

हॅमिल्टनची उत्तरं दोन. एक व्यवहाराचं: कागद अनेक हातांतून गेले, नोंदी अपुऱ्या होत्या, मूळ धारक शोधणार कसा? दुसरं तत्त्वाचं आणि जास्त महत्त्वाचं: विकलेल्या रोख्याचा व्यवहार सरकार मागाहून उलटवू शकतं हे एकदा दिसलं, की पुढे सरकारी रोखा पूर्ण किमतीला कोणीच घेणार नाही. कारण घेणाऱ्याला विकणाऱ्याचीही चौकशी करावी लागेल. मग पुढच्या संकटात सैनिकाच्या हातातला कागद आणखी स्वस्तात विकला जाईल.

२२ फेब्रुवारी १७९० ला मॅडिसनचा प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला. हॅमिल्टनचा तर्क बरोबर होता असंच मला वाटतं, पण तर्क बरोबर असल्यानं अन्याय पुसला जात नाही. सैनिकांसाठी वेगळी भरपाई देता आली असती. ती कोणी दिली नाही.

## ‘आम्ही आमचं फेडलंय, दुसऱ्यांचं का फेडू?’

त्याहून मोठं भांडण राज्यांच्या कर्जांवरून झालं. ती केंद्रानं आपल्या अंगावर घ्यावीत असं हॅमिल्टनचं म्हणणं. व्हर्जिनियानं आपलं बरंचसं कर्ज उतरवलं होतं. त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. १२ एप्रिल १७९० ला प्रतिनिधीगृहात योजना ३१ विरुद्ध २९ मतांनी हरली.

हॅमिल्टन हटला नाही, कारण त्याच्या लेखी हा केंद्राच्या ताकदीचा प्रश्न होता. तेरा राज्यं वेगवेगळं कर्ज फेडत राहिली असती, तर कराच्या त्याच उत्पन्नासाठी केंद्र आणि राज्यं एकमेकांशी झुंजली असती. आणि श्रीमंत धनकोंचं हित आपापल्या राज्याशी बांधलेलं राहिलं असतं. सगळ्यांचं येणं एकाच तिजोरीकडे आलं, की तीच तिजोरी टिकावी असं सगळ्यांना वाटणार.

त्याच वेळी राजधानी कुठे असावी यावर दुसरा वाद अडला होता. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसननं न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन यांना जेवायला बोलावलं. जेफरसनच्या सांगण्यानुसार तिथे सौदा ठरला: मॅडिसननं कर्जाच्या योजनेचा विरोध सैल सोडायचा आणि राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायची. त्या एका जेवणानं किती ठरलं आणि आधीच्या वाटाघाटींनी किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. निकाल मात्र नोंदीत आहे. १६ जुलैला राजधानीचा कायदा झाला: दहा वर्षं फिलाडेल्फिया, नंतर पोटोमॅक. २६ जुलैला राज्यांच्या कर्जाची योजना ३४ विरुद्ध २८ मतांनी मंजूर झाली आणि पोटोमॅकच्या आसपासच्या काही प्रतिनिधींनी मत फिरवलं होतं. दोन वर्षांनी जेफरसननं राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला लिहिलं की आपल्या राजकीय आयुष्यातल्या चुकांपैकी हिचा पश्चात्ताप सगळ्यांत जास्त होतो.

केंद्रानं घ्यायच्या रकमेची कायद्यातली कमाल मर्यादा २ कोटी १५ लाख होती. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायनाचे प्रत्येकी ४० लाख. व्हर्जिनियाचेही ३५ लाख, म्हणजे तिचा फायदा अगदीच कमी नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांवरचा राज्याचा कर यानंतर उतरला. शेजच्या बंडानं जे मिळालं नाही ते या कायद्यानं बऱ्याच अंशी मिळालं.

## पैसा आला कुठून?

मुख्यतः बंदरातून. नव्या काँग्रेसनं ४ जुलै १७८९ लाच आयात शुल्काचा कायदा केला: बहुतेक मालावर ५ टक्के, दारू, चहा, साखर अशा वस्तूंवर मापानुसार ठरावीक रक्कम. पुढची कित्येक वर्षं केंद्राचं बहुतांश उत्पन्न जकात-कचेऱ्यांतूनच येत राहिलं. आज ‘टॅरिफ’ हे दुसऱ्या देशाला नमवायचं हत्यार म्हणून आपल्यासमोर येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लागलं तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीवाल्यांनाही त्याचा विचार करावा लागला. १७९० मध्ये तोच कर सरकारची रोजीरोटी होता. म्हणून दर बेताचे ठेवले होते: फार वाढवले की चोरटी आयात वाढते आणि उत्पन्न घटतं.

वसुलीची रीतही विचारपूर्वक आखली होती. शुल्क ५० डॉलरच्या वर असेल तर व्यापारी जामीन देऊन मालाच्या प्रकारानुसार चार ते बारा महिन्यांत ते भरू शके. लगेच भरलं तर वर्षाला १० टक्के या दरानं सूट. माल विकून पैसे हातात येईपर्यंत दम धरला, म्हणून व्यापारीही सरकारच्या बाजूनं राहिले. चोरटी जहाजं पकडायला दहा गस्ती नौका बांधायची परवानगी मिळाली. आजचं अमेरिकी तटरक्षक दल आपला जन्म तिथपासून मोजतं.

राज्यांचं कर्ज अंगावर आल्यावर एवढ्यानं भागेना. मार्च १७९१ मध्ये देशात गाळलेल्या दारूवर कर बसला आणि तो पश्चिम पेनसिल्व्हेनियात चांगलाच पेटला. डोंगरापलीकडून धान्य बाजारात नेणं परवडत नसे. तेच गाळून व्हिस्की केली की कमी घोड्यांवर जास्त किंमत जाई. तिथे व्हिस्की जवळजवळ चलनच होती. कर नाण्यांत द्यायचा आणि खटला भरला तर सुमारे ३०० मैलांवरच्या फिलाडेल्फियात. जुलै १७९४ मध्ये कर-अधिकारी जॉन नेव्हिलचं घर जाळलं गेलं. वॉशिंग्टननं चार राज्यांतून जवळपास १३ हजारांची फौज बोलावली आणि काही अंतर स्वतः तिच्याबरोबर गेला. लढाई झालीच नाही. राजद्रोहात दोषी ठरलेल्या दोघांनाही त्यानं माफी दिली. १७८७ मध्ये वर्गणीची फौज लागली होती. सात वर्षांनी केंद्र स्वतःच्या हुकमानं फौज बोलावू शकत होतं.

## घटनेत बँक कुठे लिहिली आहे?

कुठेही नाही, आणि म्हणूनच केंद्राचे अधिकार कुठवर, हा वाद आजही संपलेला नाही. हॅमिल्टनच्या ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’चं भांडवल १ कोटी डॉलर, प्रत्येकी ४०० डॉलरचे २५ हजार भाग. सरकारचे २० लाख; बाकीचे भाग घेणाऱ्यांनी पाव हिस्सा सोन्या-चांदीत आणि पाऊण हिस्सा सरकारी ६ टक्क्यांच्या रोख्यांत भरायचा. यातली युक्ती लक्षात घ्या: बँकेचा भाग हवा असेल तर आधी सरकारी रोखा विकत घ्यावा लागे, म्हणून रोख्याचा भाव चढला.

जेफरसनचं मत होतं की घटनेनं स्पष्ट न दिलेला अधिकार केंद्राला नाही. हॅमिल्टनचं उत्तर: कर गोळा करणं, कर्ज काढणं हे अधिकार दिले आहेत, तर त्यासाठी लागणारं साधनही त्यातच आलं. २५ फेब्रुवारी १७९१ ला वॉशिंग्टननं सही केली.

बिघाडही लगेच दिसला. ४ जुलै १७९१ ला भागविक्री सुरू झाली आणि तासाभरात संपली. २५ डॉलर भरून मिळणाऱ्या हक्कपत्रांवर बेफाम सट्टा चालला आणि ऑगस्टमध्ये भाव कोसळले. मार्च १७९२ मध्ये तर मोठीच घबराट झाली. तिच्या मुळाशी होता विल्यम ड्यूअर, हॅमिल्टनचाच माजी सहायक. उसनवारीवर रोखे घेता घेता तो बुडाला, कर्जदारांच्या तुरुंगात गेला आणि १७९९ मध्ये कैदेतच मेला. हॅमिल्टननं कर्जफेड निधीतून रोखे विकत घेऊन बाजार सावरला. आज मध्यवर्ती बँका संकटात जे करतात त्याचं हे फार लवकरचं उदाहरण. मे महिन्यात २४ दलालांनी वॉल स्ट्रीटवर आपसातले नियम लिहून सही केली; न्यूयॉर्क शेअर बाजाराची सुरुवात तिथून धरतात.

## पत उभी राहिली, पण कोणाच्या जमिनीवर?

१७९० च्या कर्जकायद्यातच लिहिलं होतं की पश्चिमेकडच्या जमिनींच्या विक्रीचा पैसा कर्जफेडीला जाईल. या जमिनींवर शॉनी, मायामी, डेलावेअर अशी मूळ रहिवाशांची राष्ट्रं राहत होती. १७८५ च्या कायद्यानं त्या सहा-सहा मैलांच्या चौकोनांत आखल्या: एका चौकोनात ३६ तुकडे, एक तुकडा ६४० एकर, भाव एकरी किमान एक डॉलर. मालक तिथे राहत असतानाच विक्रीचा नकाशा तयार होता. त्यांनी प्रतिकार केला; ४ नोव्हेंबर १७९१ ला त्यांनी अमेरिकी सेनापती सेंट क्लेअरच्या फौजेचे ६०० हून अधिक सैनिक मारले. सरकारनं नव्या पतीच्या जोरावर मोठं सैन्य उभं केलं आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात आजच्या ओहायोचा बराचसा भाग काढून घेतला. सार्वजनिक पतीचं कौतुक करताना हा हिशेब वगळला जातो, आणि तो वगळणं मला मान्य नाही.

## विरोधकानंच ती पत वापरली

१८०१ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला. त्यानं व्हिस्कीचा कर काढला आणि कर्ज कमी करायला घेतलं. पण १८०३ मध्ये नेपोलियननं लुइझियाना विकायला काढली तेव्हा १ कोटी ५० लाख डॉलरपैकी १ कोटी १२ लाख ५० हजार ६ टक्क्यांच्या अमेरिकी रोख्यांत दिले गेले. लंडनची बेरिंग आणि ॲमस्टरडॅमची होप या पेढ्यांनी ते रोखे घेऊन नेपोलियनला रोकड दिली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या सरकारचा कागद चतकोर किमतीला जात होता, त्याच्या कागदावर युरोपातले सावकार आता फ्रान्सला पैसे मोजत होते. देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं; त्यावर राहणाऱ्या मूळ राष्ट्रांना याही वेळी कोणी विचारलं नाही.

## मग आज राज्य बुडालं तर केंद्र फेडतं का?

नाही, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. १७९० मध्ये केंद्रानं राज्यांचं कर्ज अंगावर घेतलं ते त्या एका युद्धापुरतं होतं. १८३० च्या दशकात राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँकांसाठी भरमसाट कर्ज काढलं. १८४१ ते १८४३ या काळात पेनसिल्व्हेनिया, मेरिलँड, मिसिसिपी यांच्यासह आठ राज्यांनी हप्ते चुकवले. केंद्रानं पुन्हा राज्यांचं कर्ज अंगावर घ्यावं अशी मागणी झाली. काँग्रेसनं ती धुडकावली. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या घटनेत कर्जावर बंधनं घातली.

युरोपात उलट क्रम दिसतो. तिथे चलन आधी एक झालं आणि तिजोऱ्या वेगळ्या राहिल्या. जुलै २०२० मध्ये कोविडनंतर ७५० अब्ज युरोंचं सामायिक कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा हॅमिल्टनचं नाव युरोपातल्या अर्थमंत्र्यांच्या तोंडी आलं. फरक असा की युरोपीय संघाला हॅमिल्टनसारखा करवसुलीचा व्यापक अधिकार नाही.

कर्जमर्यादेचा आजचा तिढा मात्र हॅमिल्टनच्या काळातला नाही. ती मर्यादा १९१७ च्या कायद्यातून आली. काँग्रेस खर्च आधीच मंजूर करते, कर किती घ्यायचा तेही तीच ठरवते आणि त्यातून पडणारी तूट भरायला लागणाऱ्या कर्जाला वेगळी परवानगी मागते. जुलै २०२५ मध्ये ही मर्यादा ५ लाख कोटी डॉलरनं वाढवली गेली. ती वाढली नाही तर सरकार व्याज चुकवू शकतं का? यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये घटनेत आलेल्या चौदाव्या दुरुस्तीचा चौथा विभाग सांगतो की कायद्यानं मान्य केलेल्या सार्वजनिक कर्जाच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९३५ च्या एका निकालात म्हटलं की काँग्रेस स्वतःच्या रोख्यांतलं वचन रद्द करू शकत नाही; मात्र दावा लावणाऱ्या रोखेधारकाला भरपाई दिली नाही. कर्जमर्यादा या कलमाविरुद्ध जाते का, यावर न्यायालयानं अजून निर्णय दिलेला नाही.